मेस्काल : मेक्सिकोतील घायपात-मद्यांच्या परंपरेचा ऐतिहासिक परिचय

घायपात ही वनस्पती महाराष्ट्रातील वाचकास अपरिचित नाही. शेताच्या बांधावर आणि रस्त्याच्या कडेला ती कुंपण म्हणून लावलेली आढळते व तिच्या मांसल, काटेरी पातींपासून निघणाऱ्या वाखाचे दोर वळले जातात. परंतु ही वनस्पती मूळची येथील नव्हे. ती अमेरिका खंडातील असून युरोपीयांच्या दर्यावर्दी संचारानंतरच जुन्या जगात आली. लिनीयसने इ. स. १७५३ मध्ये तिच्या प्रजातीस ‘अगावे’ हे नाव दिले. ‘उदात्त’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते घेतलेले आहे. या प्रजातीत सुमारे दोनशे जाती मोडतात आणि त्यांतील सुमारे तीन-चतुर्थांश मेक्सिकोत आढळतात. आपल्याकडे वनस्पती आली आणि तिचा वाख उपयोगात आला. परंतु मूळ देशात तिच्याभोवती जी अन्नपरंपरा व मद्यपरंपरा उभी राहिली होती, ती मात्र तिच्याबरोबर आली नाही.

त्या मद्यपरंपरेचा, विशेषतः घायपातापासून गाळल्या जाणाऱ्या आसुत मद्यांचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्याचबरोबर इतिहासाच्या अभ्यासकास महत्त्वाचा वाटावा असा एक प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे. या मद्यांविषयी जी लिखित साधने उपलब्ध आहेत, ती बहुतांशी त्यांवर बंदी घालणाऱ्यांची, त्यांवर कर बसविणाऱ्यांची किंवा त्यांच्या नावावर हक्क सांगणाऱ्यांची आहेत. ती गाळणाऱ्यांची नाहीत. अशा साधनांवरून एखाद्या लोकविद्येचा इतिहास कितपत लिहिता येतो, आणि तो लिहिताना कोणती सावधगिरी बाळगावी लागते, हा तो प्रश्न होय.

१. वनस्पती, पाकक्रिया आणि नाव

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. घायपातापासून मेक्सिकोत दोन प्रकारची मद्ये होतात. पहिले ‘पुल्के’. पूर्ण वाढलेल्या झाडाचा गाभा कोरून त्यात साचणारा गोड रस रोज काढून घेतात आणि तो आंबवितात. आपल्या कोकणातील माडीशी याचे साम्य सहज लक्षात येईल. फरक इतकाच की, माड वर्षानुवर्षे रस देत राहतो, तर घायपाताचे झाड काही महिन्यांत संपते. पुल्के हे स्पॅनिश विजयापूर्वीचे पेय आहे, याविषयी कोणाचाही मतभेद नाही. चोलुला येथील पिरॅमिडात १९६९ मध्ये उजेडात आलेल्या भित्तिचित्रात मद्यपानाचा समारंभ चितारलेला आहे. आज्टेकांच्या देवमंडळात मायावेल ही घायपाताची देवता होती. एर्नान कोर्तेस याने १५२० मध्ये सम्राटास पाठविलेल्या दुसऱ्या पत्रातही या झाडापासून होणाऱ्या मधाचा, साखरेचा व मद्याचा उल्लेख आहे.

दुसरा प्रकार म्हणजे ‘मेस्काल’. येथे कच्चा रस काढीत नाहीत. पाती छाटून उरलेला, अननसासारखा दिसणारा बुंधा उपटतात आणि दगड तापविलेल्या खड्ड्यात मातीखाली पुरून तीन ते पाच दिवस भाजतात. ही भाजण्याची क्रिया केवळ चवीसाठी नसते. घायपाताच्या गाभ्यात साखर मोकळ्या स्वरूपात थोडी असते. ती मुख्यतः फ्रुक्टान नावाच्या लांब साखळ्यांत बांधलेली असते आणि या साखळ्या किण्वाला सहजी तोडता येत नाहीत. दीर्घकाळच्या उष्णतेने त्या तुटतात व फळशर्करा सुटी होते. मगच ती आंबविता येते. ‘मेस्काल’ हा शब्द नाहुआत्ल भाषेतील असून त्याचा अर्थच ‘भाजलेला मेत्ल’, म्हणजे भाजलेले घायपात, असा आहे. तात्पर्य, हे नाव मूलतः मद्याचे नसून अन्नाचे आहे. तेहुआकान खोऱ्यातील व ओआहाकातील गुहांत चघळून टाकलेले घायपाताचे चोथे उत्खननात सापडले आहेत. त्यांवरून भाजलेला गाभा खाण्याची प्रथा शेतीच्या प्रारंभाइतकी, किंबहुना त्याहूनही जुनी असल्याचे दिसते.

भाजलेला गाभा लाकडी मोगऱ्यांनी कुटतात किंवा घोडा अथवा खेचर जुंपलेल्या दगडी चाकाखाली भरडतात. चोथ्यासह तो लाकडी पिंपात, दगडी टाक्यात किंवा कातड्यात पाणी घालून ठेवतात. हवेतील व लाकडातील किण्व आपोआप कामाला लागते. काही दिवसांनी तयार झालेले आसव बहुधा दोनदा गाळतात. मद्याची तीव्रता पाहण्याची जुनी पद्धत अशी : वेळूच्या नळीने थोडे मद्य ओढून घेऊन भोपळ्याच्या वाडग्यात उंचावरून सोडावयाचे आणि उठणाऱ्या बुडबुड्यांचा आकार व टिकाव पाहावयाचा. या बुडबुड्यांना तेथील लोक ‘मोती’ म्हणतात. गोमंतकातील ‘फेणी’ या शब्दाचा संबंध फेणाशी जोडला जातो, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. फेसावरून मद्य पारखण्याची दृष्टी परस्परांपासून दूर असलेल्या दोन समाजांत आढळते.

या सर्व प्रक्रियेतील सर्वांत मोठा घटक म्हणजे काळ होय. घायपात आयुष्यात एकदाच फुलते आणि फुलल्यावर मरते. ‘अंगुस्तिफोलिया’ या जातीस पक्व होण्यास सहा ते आठ वर्षे, डोंगरकपारीतील ‘तोबाला’स दहा-पंधरा वर्षे, तर ‘तेपेस्ताते’ या जातीस पंचवीस वर्षांपर्यंत अवधी लागतो. फुलाचा दांडा वर येण्याच्या सुमारास गाभ्यात साखर सर्वाधिक असते, म्हणून तो दांडा छाटून झाड तोडतात. परिणामी ते झाड बी धरीत नाही. ज्याने रोप लावले त्याच्या मुलाने मद्य गाळावे, असा हा व्यवसाय आहे. त्यामुळे त्याचे ज्ञान लिखित न राहता घराण्याघराण्यांतून वाहत आले, यात नवल नाही.

२. ऊर्ध्वपातनाच्या उगमाचा वाद

गाभा भाजण्याची व आंबविण्याची विद्या देशी होती, हे निर्विवाद आहे. वाद आहे तो ऊर्ध्वपातनाविषयी. याबाबत तीन मते मांडली गेली आहेत.

पहिले मत परंपरागत होय. त्यानुसार स्पॅनिश लोकांनी अरबांकडून घेतलेले तांब्याचे ऊर्ध्वपातनयंत्र सोळाव्या शतकात आणले आणि देशी आसवास लावले. हे मत सोपे आहे. परंतु पश्चिम मेक्सिकोतील डोंगराळ भागांत जी यंत्रे प्रत्यक्ष वापरात आढळतात, त्यांचे स्पष्टीकरण त्याने होत नाही. ही यंत्रे अरबी पद्धतीची नाहीत. चुलीवरील कढईवर लाकडाचे पोकळ पिंप उभे करतात व त्याच्या माथ्यावर थंड पाण्याचे दुसरे भांडे ठेवतात. वाफ वर चढून त्या भांड्याच्या बुडास लागली की तिचे थेंब होतात. ते आत टांगलेल्या लाकडी पळीत किंवा घायपाताच्या पातीत पडतात आणि नळीवाटे बाहेर येतात. वाफ बाहेर नेऊन थंड करण्याऐवजी यंत्राच्या आतच थंड करण्याची ही रीत पूर्व आशियातील आहे.

यावरूनच दुसरे मत पुढे आले. भूगोलज्ञ हेन्री ब्रूमन याने १९४४ मध्ये विचोल जमातीच्या ऊर्ध्वपातनयंत्राचे मूळ आशियाई असल्याचे प्रतिपादन केले. पुढे दानिएल सिसुम्बो-व्हियारेआल व पात्रिसिया कोलुंगा-गार्सियामारिन या संशोधकांनी २००८ मध्ये कोलिमा प्रदेशातील ऐतिहासिक व वनस्पतिशास्त्रीय पुरावा एकत्र करून या मतास बळकटी आणली. त्यांच्या विवेचनाचा गाभा असा : १५६५ मध्ये फिलिपाइन्सहून मेक्सिकोस परतण्याचा सागरी मार्ग सापडला आणि मनिला व आकापुल्को यांच्या दरम्यान १८१५ पर्यंत चाललेली गलबतांची वाहतूक सुरू झाली. १५६९ च्या सुमारास कोलिमाच्या किनाऱ्यावर नारळ आला असे मानले जाते. गलबतांवरील फिलिपिनो खलाशी तेथे उतरून राहिले. ते माडाचा रस काढीत आणि गाळीत. ‘तुबा’ हा फिलिपाइन्समधील शब्द कोलिमात माडीसाठी अद्याप वापरला जातो.

या मताचा एक साक्षीदार मोठा बोलका आहे. सेबास्तियान दे पिनेदा या कप्तानाने १६१९ मध्ये स्पेनच्या राजाला एक निवेदन सादर केले. त्यात तो तक्रार करतो की, फिलिपिनो खलाशी मेक्सिकोतून परत येत नाहीत. १६१८ मध्ये ‘एस्पिरितु सान्तो’ या जहाजावरील पंचाहत्तर खलाशांपैकी पाचच परतले. ते माडाचे मद्य गाळतात व देशी लोक ते आवडीने पितात. असेच चालले तर स्पेनहून येणाऱ्या द्राक्षमद्याला गिऱ्हाईक उरणार नाही, अशी भीती तो व्यक्त करतो. यानंतर दोनच वर्षांनी, १६२१ मध्ये, दोमिंगो लासारो दे आरेगी याने नुएवा गालिसिया प्रांताचे जे वर्णन लिहिले, त्यात भाजलेल्या मेस्कालापासून गाळलेल्या, पाण्याहून नितळ व अत्यंत तीव्र मद्याचा उल्लेख येतो. माडाचे मद्य व घायपाताचे मद्य हे दोन्ही उल्लेख एकाच काळातील आणि पश्चिम मेक्सिकोतीलच असावेत, हा केवळ योगायोग मानणे कठीण आहे.

तिसरे मत ऊर्ध्वपातन स्पॅनिशपूर्व असल्याचे आहे. कोलिमातील कापाचा संस्कृतीची, ख्रिस्तपूर्व दुसऱ्या सहस्रकातील, मध्ये आवळलेली दुहेरी मृत्पात्रे ही ऊर्ध्वपातनासाठी असावीत, अशी शक्यता जोसेफ नीडहॅम याने चर्चिली होती. अशा पात्रांच्या प्रतिकृती करून त्यांतून मद्यार्क निघू शकतो, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी दाखविले. त्लाश्काला येथील उत्खननात आढळलेल्या घायपात भाजण्याच्या प्राचीन भट्ट्यांवरूनही असाच दावा केला गेला आहे. परंतु एखादे भांडे एका कामास येऊ शकते यावरून ते त्याच कामास येत होते असे सिद्ध होत नाही. शिवाय सोळाव्या शतकातील साहागुनसारखा बारकाईने लिहिणारा ग्रंथकार पुल्केची तपशीलवार हकीकत देतो. त्याच्या वर्णनात आसुत मद्य येत नाही.

तूर्त निष्कर्ष असा काढता येईल की, ‘उगम कोणाचा’ हा प्रश्नच एकेरी स्वरूपात मांडणे चुकीचे आहे. खड्डा, भाजणे, झाडाची पारख व आंबविणे या गोष्टी देशी. लाकडी व मातीचे आतून थंड होणारे यंत्र, निदान पश्चिम भागात, आशियाई. तांब्याचे नळीदार यंत्र युरोपीय मार्गाने आलेले. या तिहींच्या संगमातून मेस्काल सिद्ध झाले. येथे गोमंतकाची तुलना उद्बोधक ठरते. तेथील जुन्या पद्धतीत वाफ नळीने बाहेरच्या भांड्यात नेऊन त्या भांड्यावर थंड पाणी ओततात; म्हणजे माडाचा रस तोच, परंतु यंत्राचा प्रकार वेगळा. पदार्थाच्या साम्यावरून तंत्राचे साम्य गृहीत धरू नये, हा धडा यातून मिळतो.

३. निषेधाचा काळ

पिनेदाची भीती ही एका व्यक्तीची नव्हती. ती स्पेनच्या आर्थिक धोरणाचा भाग होती. दुसऱ्या फिलिपने १५९५ मध्येच वसाहतीत नव्या द्राक्षबागा लावण्यास मनाई केली होती. वसाहतीने स्पेनचे मद्य विकत घ्यावे, स्वतःचे करू नये, असा या धोरणाचा आशय होता. माडाच्या मद्यावर निर्बंध आले, तसेच घायपाताच्या मद्यावरही आले. स्थानिक अधिकाऱ्यांना मात्र महसूल हवा असे. त्यामुळे कधी बंदी, तर कधी कर असा खेळ दोन शतके चालला. तिसऱ्या कार्लोसच्या राजवटीत, १७८५ मध्ये, पुन्हा सार्वत्रिक बंदी आली. ती दहा वर्षांच्या आसपास टिकली. १७९५ मध्ये टकिला गावच्या होसे मारिया ग्वादालुपे कुएर्वो यास परवाना मिळाला आणि त्या गावच्या मद्याचा अधिकृत इतिहास सुरू झाला.

बंदीचा परिणाम मात्र बंदी घालणाऱ्यांच्या अपेक्षेहून निराळा झाला. तांब्याचे मोठे यंत्र लपविता येत नाही. लाकडाचे पिंप व मातीची दोन भांडी मात्र क्षणात मोडून दऱ्याखोऱ्यांत दडविता येतात आणि पुन्हा उभी करता येतात. आशियाई पद्धतीचे लहान यंत्र डोंगराळ भागांत का पसरले, याचे हे एक सयुक्तिक कारण होय. जी झाडे ज्या दरीत मिळतील तीच वापरावी लागल्याने अनेक जाती व उपजाती लोकांच्या जोपासनेत राहिल्या. प्रत्येक खोऱ्याची भाजण्याची, कुटण्याची, गाळण्याची रीत वेगळी झाली. भट्टीस कोठे ‘पालेंके’, कोठे ‘विनाता’, तर कोठे ‘ताबेर्ना’ असे नाव पडले. हालिस्कोच्या किनारपट्टीत या मद्यास ‘राइसिया’, म्हणजे ‘लहान मूळ’, असे म्हणतात. करवसुली चुकविण्यासाठी हे नाव पडले असे सांगतात.

निषेधाचे हे चक्र स्वातंत्र्यानंतरही थांबले नाही. सोनोरा प्रांताचा शासक प्लुतार्को एलियास कायेस याने १९१५ मध्ये मद्यबंदी केली. त्या प्रांतातील ‘बाकानोरा’ नावाचे घायपात-मद्य १९९२ पर्यंत, म्हणजे तब्बल सत्त्याहत्तर वर्षे, बेकायदा राहिले. गाळणाऱ्यांचा छळ झाला, भट्ट्या मोडल्या गेल्या. तरीही १९९२ मध्ये बंदी उठली तेव्हा विद्या जिवंत होती. या सत्त्याहत्तर वर्षांत केवळ परवान्यांची दप्तरे पाहणाऱ्या अभ्यासकास बाकानोरा अस्तित्वातच नव्हते असे वाटले असते. कागदपत्रांचे मौन आणि व्यवहाराचा अभाव या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळते.

४. नावाचा हक्क

विसाव्या शतकात शासनाची भूमिका पालटली. निषेधाची जागा संरक्षणाने घेतली. टकिला गावचे मद्य एकोणिसाव्या शतकात कारखान्यांत होऊ लागले होते. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ वेबर याने १९०२ मध्ये तेथील निळसर घायपातास ‘अगावे टकिलाना’ असे शास्त्रीय नाव दिले. १९७४ मध्ये ‘टकिला’ या नावास उगमनामाचा कायदेशीर हक्क मिळाला. गोव्याच्या फेणीस २००९ मध्ये जे भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच वर्गातील ही व्यवस्था आहे. परदेशी अनुकरणापासून या हक्काने टकिलाचे रक्षण झाले, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु त्याच मद्याच्या व्याख्येत एकाच जातीचे घायपात उरले, आणि १९७० पर्यंत झालेल्या बदलांनी घायपाताच्या साखरेचे प्रमाण ५१ टक्क्यांपर्यंत उतरविण्यास मुभा मिळाली. बियांऐवजी केवळ फुटव्यांपासून लागवड होत असल्याने शेतेच्या शेते एकाच वाणाची झाली.

१९९४ मध्ये ‘मेस्काल’ या नावासही तसाच हक्क मिळाला आणि येथे प्रश्न अधिक बिकट झाला. टकिला हे एका गावाचे नाव होते. मेस्काल हे गावाचे नव्हे, तर क्रियेचे नाव. जेथे जेथे घायपात भाजून मद्य गाळले जाई, तेथे तेथे लोक त्यास मेस्काल म्हणत. कायद्याने ते नाव आरंभी ओआहाका, गेरेरो, दुरांगो, सान लुइस पोतोसी व साकातेकास या पाच प्रांतांपुरते राखून ठेवले. पुढे काही प्रांतांची भर पडली. मिचोआकानचा समावेश २०१२ मध्ये, तर पुएब्लाचा २०१५ मध्ये झाला. परंतु कोलिमा प्रांत आणि त्याला लागून असलेला हालिस्कोचा दक्षिण भाग यांना या नावाचा अधिकार मिळाला नाही. ज्या प्रदेशात मेस्कालाच्या ऊर्ध्वपातनाचा सर्वांत सबळ प्रारंभिक पुरावा मिळतो, त्याच प्रदेशातील गाळणाऱ्यास आपल्या मद्यास मेस्काल म्हणता येऊ नये, ही या इतिहासातील सर्वांत मोठी विसंगती होय. हालिस्को टकिलाच्या हद्दीत येतो खरा. परंतु तेथील डोंगरातील गाळणारे निळ्या घायपाताखेरीज अनेक वाण वापरतात, म्हणून टकिला हे नावही त्यांस लागू पडत नाही.

पुढील काळात वाद नावापलीकडे गेला. हद्दीबाहेरच्या उत्पादकांनी ‘अगावे’ हा शब्दही वापरू नये, अशा आशयाचा प्रस्ताव २०११-१२ मध्ये पुढे आला. २०१५ मध्ये त्यांच्या मद्यास ‘कोमिल’ हे अपरिचित नाव सक्तीने द्यावे, अशी सूचना झाली. उत्पादक, संशोधक व नागरिक यांच्या विरोधामुळे दोन्ही प्रस्ताव मागे पडले. हद्दीबाहेरचे मद्य आता ‘अगावेचे आसुत’ या नावाने विकले जाते. बाकानोरास २००० मध्ये व राइसियास २०१९ मध्ये स्वतंत्र हक्क मिळाले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियमांनी मेस्कालाचेही तीन वर्ग पाडले : साधे, कारागिरी आणि पूर्वापार. शेवटच्या वर्गात मातीच्या भांड्यातच गाळले पाहिजे असे बंधन आहे. ओआहाकातील सांता कातारिना मिनास या गावी ही रीत चालत आली आहे. कारखान्यातील आणि घरच्या भट्टीतील मद्य यांत भेद करणे उपयुक्त आहेच. तथापि परंपरेची व्याख्या केवळ अवजारांवरून करणे इतिहासाच्या दृष्टीने पुरेसे नाही. तांब्याचे भांडे जसे एके काळी नवे होते, तसेच आतून थंड होणारे यंत्रही एके काळी नवेच होते. परंपरा टिकली ती बदलाला नकार दिल्यामुळे नव्हे, तर बदल पचविल्यामुळे.

५. समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, मेस्काल ही एका शोधाची निष्पत्ती नसून पाकविद्येची देशी परंपरा व समुद्रापलीकडून आलेली यंत्रे यांचा मेळ आहे. त्या मेळात स्पॅनिश राज्यकर्त्यांइतकाच, कदाचित त्यांहून अधिक वाटा परत न गेलेल्या अनामिक फिलिपिनो खलाशांचा आहे. दुसरी, शासकीय साधनांत ही परंपरा गुन्हा, कर किंवा मालमत्ता या तीनच रूपांत दिसते. म्हणून तिचा इतिहास लिहिणाऱ्याने यंत्राची रचना, झाडांचे वाण, अवजारांची नावे आणि गाळणाऱ्यांची मौखिक साक्ष ही साधने कागदपत्रांच्या बरोबरीने वापरली पाहिजेत. ब्रूमनचा निष्कर्ष एका जमातीच्या यंत्राच्या रचनेवरूनच निघाला होता, हे विसरता कामा नये.

तिसरी गोष्ट वर्तमानाशी संबंधित आहे. बंदीने ही विद्या दऱ्याखोऱ्यांत ढकलली. परंतु तेथे तिचे वैविध्य वाढले. संरक्षणाने तिला बाजारपेठ व प्रतिष्ठा दिली; परंतु नावाभोवती कुंपण घालताना त्या नावाच्या जुन्या वारसांपैकी काहींना बाहेर ठेवले. वाढत्या मागणीमुळे रानातील मंदगती जाती फुलण्यापूर्वीच तोडल्या जात आहेत, आणि त्यांच्या फुलांवर उपजीविका करणाऱ्या वटवाघळांचेही अन्न त्यामुळे घटते. काही उत्पादक प्रत्येक शेतातील थोडी झाडे मुद्दाम फुलू देतात; हा उपाय लहान वाटला तरी दिशा योग्य आहे. एखाद्या लोकविद्येचे रक्षण करावयाचे तर तिचे नाव, तिची वनस्पती व तिचे जाणकार या तिहींचे एकत्र रक्षण झाले पाहिजे. कोकण व गोमंतक येथील माडी-फेणीच्या परंपरेचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने कोलिमाचे हे उदाहरण समोर ठेवावे. भट्टीवरील शब्द, भांड्यांचे आकार आणि गाळणाऱ्यांच्या आठवणी यांची नोंद मानांकनाची हद्द आखण्यापूर्वी झाली, तर पुढे त्या हद्दीबाहेर कोण राहिले, याचा शोध घेण्याची वेळ इतिहासकारावर येणार नाही.